तिसरं रीडिंग

१२ जानेवारी २०२५, रविवार. लातूर

सदतीस झाले. तीन राहिले.

आज हॉस्टेलच्या गच्चीवर उन्हात बसून थीसिसचा तक्ता पुन्हा तपासला आणि मग ही वही काढली. मेडिकलला नंबर लागला तेव्हा आबांनी दिली होती. नऊ वर्षं कोरीच आहे. तक्त्यात जे बसत नाही ते इथं लिहीन म्हणते.

पिट्युटरी म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेली वाटाण्याएवढी ग्रंथी. तिच्यात गाठ झाली की सर्जन नाकातून आत शिरून ती काढतात. पेशंट पूर्ण भुलीत असतो, पण नाकाच्या आतल्या नसा भुलीतही गप्प बसत नाहीत. आत हत्यार गेलं की बीपी उसळतं. बीपी उसळलं की रक्त वाढतं, आणि त्या बोटभर जागेत रक्त साचलं की सर्जनला काही दिसत नाही. माझा अभ्यास एवढाच की पूर्ण भुलीच्या जोडीला नाकामागच्या नसांच्या जुडग्याला दोन्ही बाजूंनी बधिर करायचं इंजेक्शन दिलं, तर बीपी ताब्यात राहतं का. निम्म्यांना इंजेक्शन, निम्म्यांना नेहमीचीच औषधं. कुणाला काय, ते बंद लिफाफ्यातली चिठ्ठी ठरवते. ‘अ’ म्हणजे इंजेक्शन, ‘ब’ म्हणजे नाही. पेशंट झोपला की ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, मीच लिफाफा फोडते.

शिवशंकर सर माझे गाइड. ते म्हणतात, चाळीस पूर्ण होईपर्यंत मत बनवायचं नाही. पण मी काही डोळे मिटून भूल देत नाही. ‘अ’वाल्यांचा मॉनिटर कसा शांत चालतो ते मला दिसतंच की.

थीसिस मार्चअखेर द्यायचा आहे, म्हणजे नोंदी जानेवारीतच संपायला हव्यात. अशी केस आमच्याकडे महिन्याला दोन, फार तर तीन. गणित अवघड आहे.

२१ जानेवारी, मंगळवार

अडतिसावी मिळाली!

नागाबाई, वय सत्तेचाळीस, औशाच्या पुढे त्यांचं गाव. मालक जाऊन सात वर्षं झाली, दोन एकर स्वतः कसतात. सोबत मुलगी गीतांजली. ती इथंच लातूरला नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. गाठीमुळे हात-पाय, जबडा, नाक, सगळं हळूहळू वाढत गेलेलं. गीतांजली मोबाईलवर नऊ वर्षांपूर्वीचा फोटो घेऊन आली होती, आम्ही मागतोच तो. फोटोतली बाई आणि समोरची बाई एकच आहे हे पटायला वेळ लागला.

मी फोटो बघत होते तर नागाबाई म्हणाल्या, “तीच हाय मी. जरा जास्तीची झालेय, एवढंच.”

आणि स्वतःच हसल्या. मलाही हसू आलं.

“मावशी, दिसायला त्रास कधीपासून?”

“समोरचं दिसतंय की. कडंचं न्हाई दिसत. परवा गोठ्यात म्हशीनं कडंनं ढकललं, मला वाटलं जाऊबाईच आली.”

भूल देण्याआधीची तपासणी केली. बीपी १७२/१०४. जिना चढून आल्या होत्या, पहिल्यांदाच एवढं मोठं हॉस्पिटल बघत होत्या, वाढणारच. दहा मिनिटं बसवलं, १६६. मग पाणी दिलं, तुरीच्या गप्पा मारल्या, त्यांचा हात मांडीवर घेऊन पुन्हा घेतलं. १५८/९६.

अभ्यासात घ्यायला १६० च्या खाली लागतं. १५८ लिहिलं. शांत बसल्यावरचं तेच खरं बीपी.

२३ जानेवारी, गुरुवार

वॉर्डात जाऊन नागाबाईंची संमती घेतली. मी सगळं मराठीत वाचून दाखवलं. अभ्यास काय आहे, लिफाफा काय आहे, कधीही नाही म्हणता येतं, नाही म्हणलं तरी उपचार तोच राहील. सगळं त्यांना व्यवस्थित समजलं. एकदाही प्रश्न विचारला नाही.

मी पेन पुढं केला तेव्हा म्हणाल्या, “ह्यानं तुमचं काम व्हतंय न्हवं?”

“हो मावशी, माझी परीक्षा आहे त्यावर.”

“मग आणा हिकडं.”

मोठ्या बोटांत पेन मावत नव्हता, तरी मन लावून पूर्ण नाव लिहिलं. सही झाल्यावर माझ्या हाताला धरून म्हणाल्या, “तुम्ही उमरीच्या का? लई लांबून आलाव माय तुम्ही बी. जेवलाव का?”

सकाळपासून जेवले नव्हते. त्यांनी डब्यातली शेंगदाण्याची चटणी आणि अर्धी भाकर दिली. पेशंटचं खाऊ नये असा नियम आहे. खाल्लं.

२७ जानेवारी, सोमवार

उद्या ऑपरेशन. वॉर्डातल्या आरती सिस्टरचा फोन आला होता, “मॅडम, नागाबाईंचं सकाळी एकशे सत्तर, दुपारी एकशे अडुसष्ट.”

मी म्हणाले, “घाबरल्यात. झोपेची अर्धी गोळी द्या.”

“फिजिशियनला दाखवू का? बीपीची गोळी चालू करून पुढची तारीख...”

“सिस्टर, त्यांची नजर चाललीय. पुढची तारीख कशाला?”

हे खरंच आहे. नजरेच्या नसेवर गाठीचा दाब आहे. थांबवणं बरं नाही.

२८ जानेवारी, मंगळवार

लिहवत नाही.

३० जानेवारी, गुरुवार

परवाचं आज लिहिते. क्रमानं लिहिते, नाहीतर मीच नंतर काही बदलून सांगेन.

सकाळी साडेनऊला नागाबाईंना टेबलावर घेतलं. मास्क लावायच्या आधी म्हणाल्या, “तुम्हीच हाव ना हितं?” मी म्हणाले, मीच आहे, शेवटपर्यंत. झोपल्या. डोळ्यांवर नेहमीप्रमाणे चिकटपट्टी लावली, डोळे कोरडे पडू नयेत म्हणून. नळी टाकली. लिफाफा फोडला.

‘ब’.

चिठ्ठी हातात धरून मी थोडी जास्तच वेळ उभी राहिले. हे कुणाला दिसलं नसेल. त्या वेळी मनात काय आलं ते लिहिते. हिला इंजेक्शन द्यावं, असं आलं. हिचं बीपी मला माहीत होतं. अभ्यासातून काढून टाकून इंजेक्शन द्यायची मुभा माझ्याकडे होती. प्रोटोकॉलमध्ये तसं मीच लिहिलंय. चिठ्ठी फाइलला लावली आणि नेहमीची औषधं भरली.

सर्जन बसलिंगप्पा सरांनी नाकात औषधाच्या पट्ट्या भरल्या तेव्हा १७० झालं. आतलं हाड उघडताना १९८. भूल वाढवली, ड्रिप लावली, इंजेक्शनं दिली. सर म्हणाले, “ऋतुजा, मला इथं नुसतं लाल दिसतंय. खाली आण.” खाली आणायला अकरा मिनिटं लागली. सरांनी दोनदा थांबून पट्टी दाबून धरली. तरी गाठ बरीचशी निघाली. नळी काढताना खोकल्या, तेव्हा पुन्हा १८४.

अडीचला रिकव्हरीत माझी बोटं मोजली त्यांनी. दोन, मग चार. बरोबर सांगितली. मी बाहेर येऊन गीतांजलीला सांगितलं की सगळं छान झालं. ती माझ्या पाया पडायला वाकली. मी तिला धरलं.

पावणेपाचला मी परत गेले तर नागाबाई चेहऱ्यावर हात फिरवत होत्या.

“बाई, आता ती डोळ्यावरची पट्टी काढा की.”

पट्टी मी दीड वाजताच काढली होती.

स्कॅनमध्ये गाठीच्या जागी रक्त साकळलेलं दिसलं, नजरेच्या नसांवर दाबून बसलेलं. पाऊण तासात पुन्हा टेबलावर घेतलं, रक्त काढलं. सगळे धावले, कुणी एक मिनिट वाया घालवलं नाही.

आज सकाळपर्यंत उजव्या डोळ्याला काही नाही. डाव्याला बॅटरीचा उजेड कळतो. फक्त उजेड.

१ फेब्रुवारी, शनिवार

नागाबाईंच्या कॉटजवळ दिवसातून चार वेळा जाते. माझ्या पावलांचा आवाज त्यांना ओळखू यायला लागलाय.

“आलाव का?” म्हणतात. “किती दिवसांनी दिसंल आता?”

मी सांगते, नसांना सूज आहे, वाट बघू. खोटं नाही हे. पण खरंही किती आहे मला माहीत नाही. गीतांजली कोपऱ्यात उभी राहून माझ्या तोंडाकडे बघत असते. नर्सिंगची मुलगी आहे, तिला कळत असणार.

बसलिंगप्पा सर म्हणाले की शंभरात एखाद्याला असं होतं, सगळं नीट करूनही होतं. शिवशंकर सरांनीही तेच सांगितलं. “‘ब’ गटाला आपण काही कमी दिलेलं नाही. जगभर देतात तीच भूल दिली. स्वतःला खाऊ नकोस. दोन दिवस घरी जाऊन ये.”

सगळे माझ्याशी इतकं चांगलं वागताहेत की वॉर्डात मान वर करवत नाही. आरती सिस्टर तेवढ्या चार्ट पुढं ठेवतात आणि जातात.

४ फेब्रुवारी, मंगळवार. उमरी

घरी आले. आईला वाटतं कामाच्या ताणानं वाळले. तिनं गल्लीत सांगितलंय की लेक आलीय, मग दुपारी अंगणात बायाबापड्यांची रांग लागली, बीपी बघ म्हणून.

शेजारचे शेषेराव काका बसले. १७४.

“पुन्हा बघ की पोरी,” काका म्हणाले. “आत्ताच रानातून आलोय. दम खाऊन बसतो, मग कमी येईल.”

मी ओरडलेच त्यांच्यावर. “कमी येईपर्यंत कशाला बघायचं? जे आलंय ते आलंय ना! उद्याच्या उद्या दवाखान्यात जायचं, गोळी चालू करायची.”

 काका बिचारे हो हो म्हणत उठले. आई म्हणाली, “अगं, एवढं काय झालं चिडायला?”

मी गोठ्यामागं जाऊन बसले. खूप रडले. आबा येऊन शेजारी बसले. मग म्हणाले, “कुणी दगावलं का?”

“नाही आबा.”

“मग?”

मी डोळे पुसून घरात गेले.

७ फेब्रुवारी, शुक्रवार. लातूर

शिवशंकर सरांना सांगितलं.

त्यांच्या केबिनमध्ये गेले, दार लावलं. “सर, नागाबाईंची त्या दिवशी तीन रीडिंग घेतली होती.”

“बरं.”

“लिहिलं एकच.”

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “पहिलं किती?”

“एकशे बहात्तर. दुसरं एकशे सहासष्ट. वॉर्डातही एकशे सत्तर येत होतं. आरती सिस्टरनी फोन केला होता.”

“म्हणजे ती अभ्यासात यायलाच नको होती.”

“नाही.”

“आणि तुझा अभ्यास बाजूला ठेवला, तरी बीपीची गोळी देऊन दोन आठवडे थांबायला हवं होतं.”

“हो.”

“मला फोन का नाही केलास?”

मी इतके दिवस या प्रश्नाचं उत्तर शोधत होते आणि ते तोंडातून सहज आलं. “तुम्ही नाही म्हणाला असता.”

 मला वाटलं सर रागावतील. रागावले नाहीत, ते जास्त वाईट होतं. “मी तुझ्या तक्त्यावर सही केली,” ते म्हणाले. “मूळ चार्ट मागवून बघितले नाहीत. ते माझं.” मग कोरा कागद पुढं सरकवला. “सगळं लिहून दे. तारखेसकट. तीनही आकडे.”

१२ मार्च, बुधवार

एथिक्स कमिटीचं पत्र आलं. नवीन पेशंट घेणं बंद. माझी परीक्षा सहा महिने पुढं. पेशंटला आणि नातेवाइकांना सगळी खरी माहिती द्यायची. हे सगळं अपेक्षितच होतं.

शेवटचा मुद्दा दोनदा वाचला. पेशंट क्रमांक ३८ मुळात पात्र नसल्यामुळे तिची नोंद निष्कर्षात धरू नये. घटनेचा वेगळा अहवाल जोडावा.

नियम बरोबर आहे. सदतीस जणांचा हिशोब होईल आणि त्यात नागाबाई नसतील. ज्या अभ्यासासाठी त्यांनी सही केली त्यात त्यांना जागाच नाही.

सर म्हणाले, सांगायला मी जातो. मी म्हणाले, मीच जाईन.

१६ मार्च, रविवार

औशाला एसटीनं, पुढं जीपनं. जीपवाल्यानं विचारलं कुणाकडं जायचंय. नाव सांगितलं तर म्हणाला, “ती आंधळी झालेली नागाबाई का?”

दीड महिन्यात गावानं नावही ठेवलं.

नागाबाई ओसरीवर बसून सुपातली तूर हातानं चाचपून निवडत होत्या. दारापासून न्हाणीपर्यंत गीतांजलीनं दोरी बांधलीय. तिला धरून त्या जातात-येतात. मी फाटकातच होते तर म्हणाल्या, “कोण हाय?” मातीत पावलं वाजत नाहीत, त्यामुळे ओळखलं नाही.

“मी ऋतुजा, मावशी.”

“या या! गीता, बाई आल्यात बघ. च्या ठेव.”

गीतांजली आतून आली, पण चहा ठेवायला गेली नाही. फेब्रुवारीपासून ती कॉलेजला गेलेलीच नाही. आईला एकटं टाकून कशी जाणार?

मी बसले आणि सांगितलं. सगळं, सोप्या शब्दांत. की त्यांचं बीपी जास्त होतं, ते मला माहीत होतं. गोळी देऊन थांबायला हवं होतं. माझ्या अभ्यासात पेशंट कमी पडत होते म्हणून मी कमी आलेला आकडा लिहिला, जास्त आलेले लिहिले नाहीत. चिठ्ठीत इंजेक्शन नाही निघालं, तरी मला देता आलं असतं, मी दिलं नाही. सरांचं पत्र दिलं, तक्रार कुठं करता येते तेही त्यात आहे.

नागाबाईंचे हात सुपात तसेच थांबले होते.

गीतांजली म्हणाली, “दीड वर्ष आकडे लिहीत होता ना तुम्ही? मग माझ्या आईचा एक आकडा खरा लिहायला काय झालं होतं?”

तिचा आवाज चढला. 

“मी तुमच्या पाया पडत होते. त्या दिवशी. तुम्ही मला धरलं, पण सांगितलं न्हाई.”

“गीता,” नागाबाई म्हणाल्या.

“न्हाई आई, बोलू दे मला. मी वर्गात सांगत होते, आमच्या मॅडम कशा हायत म्हणून.” ती रडायला लागली आणि आत निघून गेली.

नागाबाईंनी सूप बाजूला सारलं. मग म्हणाल्या, “तुम्ही कागद वाचत होताव, तवा मला त्यातलं काय बी कळंना झालतं. मी म्हनलं, पोर भुकेली दिसती, लांबून आलीय, तिचं काम व्हतंय तर व्हऊ दे.”

मला वाटलं होतं त्यांना सगळं समजलंय. मी तसं लिहूनही ठेवलंय, या वहीतसुद्धा.

“मावशी, मी काय करू?”

“तुम्ही काय करताव आता.” त्यांच्या आवाजात राग नव्हता, पण पूर्वीची मायाही नव्हती. “माझं ऱ्हाऊ द्या. पोरीचं कालेज सुटलंय. तेवढं बघताव का?”

“बघते.”

“मग जावा आता. पुन्हा जीप न्हाई घावायची.”

चहा झालाच नाही.

२५ मार्च, मंगळवार

चार वेळा नर्सिंग कॉलेजला गेले. प्राचार्यांना हजेरीचा प्रश्न आहे. सरांनी पत्र दिलं, घडलं ते खरं लिहून. गीतांजलीला जूनपासून बसू देणार, राहिलेल्या पोस्टिंगची, म्हणजे वॉर्डातल्या कामाची, भरपाई करावी लागेल. नागाबाईंच्या जाऊबाई सोबतीला राहायला तयार झाल्या आहेत. हे मला गीतांजलीनं सांगितलं नाही, कॉलेजच्या क्लार्ककडून कळलं.

१८ जून, बुधवार

सदतीस जणांचा निकाल हातात आला. इंजेक्शन दिलेल्यांचं बीपी नाकातून शिरतानाच्या टप्प्यावर सरासरी सव्वीसनं कमी. रक्तही कमी. योगायोगानं येणारा फरक नाही हा. सर म्हणाले, आपल्या विभागात आता इंजेक्शनला अडचण नसेल त्या प्रत्येकाला द्यायचं. पुढच्यांसाठी चांगलं झालं.

दीड वर्ष या आकड्याची वाट बघितली. कुणालाही फोन केला नाही.

९ जुलै, बुधवार

गीतांजलीची पोस्टिंग आमच्या ओटीत लागलीय. तीन दिवस ती मला “मॅडम” म्हणून हत्यारांचा ट्रे देत होती आणि नजर खाली ठेवत होती. कामाला चोख आहे.

आज दुपारी जिन्यापाशी मला थांबवलं. “मॅडम, एक विचारू?”

“विचार.”

“तुमचा निकाल वाचला मी. नोटीस बोर्डावर लावलाय. आईला ते इंजेक्शन दिलं असतं, तर तिला दिसलं असतं का?”

नसतं दिसलं, असं म्हणाले असते तर मी सुटले असते. दिसलं असतं, असं म्हणाले असते तर तिला माझ्यावर पुरतं रागावता आलं असतं, आणि कदाचित तेही मला सोपं गेलं असतं.

“मला माहीत नाही,” मी म्हणाले. “बीपी बहुतेक कमी राहिलं असतं. रक्त साकळलं नसतं का, ते सांगता येत नाही. मलाच काय, कुणालाच नाही. पण थांबायला हवं होतं, ते मला माहीत होतं.”

तिनं मान वर केली. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदाच सरळ बघितलं तिनं. “हे खरं हाय?”

“हो.”

तिनं खिशातून मोबाईल काढला आणि तिथंच आईला लावला. “आई, इचारलं मी... न्हाई. त्यांनाबी माहीत न्हाई म्हणत्यात... न्हाई, कुणालाच न्हाई.” मग थोडं ऐकून घेतलं आणि फोन माझ्या कानाला लावला.

“बाई?” नागाबाईंचा आवाज.

“हो मावशी.”

“मी पोरीला रोज इचारत व्हते. सकाळी उठल्यावर पैलं तेच तोंडात येतंय.” पलीकडं कुठंतरी म्हैस ओरडली. “तुम्हाला बी न्हाई म्हायती?”

“नाही मावशी.”

“बरं,” त्या म्हणाल्या. “मग आता न्हाई इचारत.”